उताणा हात

माझं मनगट माझ्या नवऱ्यानं मोडलं, ते स्कूटरच्या चावीपायी. हे ऐकून लोकांची निराशा होते. त्यांना दारू पाहिजे असते, बाहेरची बाई पाहिजे असते, निदान माहेरचा काहीतरी झगडा तरी. तसलं काही नाही. सोमेश दारूला शिवत नाही. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, लातुरात गंजगोलाईला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आणि गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात साखर. चावी सापडत नव्हती, एवढंच.

मी पूजेला बसले होते. आम्हा लिंगायतांचा देव भिंतीवर नसतो, गळ्यात असतो. दीक्षा झाली की बाई असो, पुरुष असो, ज्याचं त्याला इष्टलिंग मिळतं, काळंभोर, जांभळाएवढं. रोज आंघोळ झाली की ते चांदीच्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं आणि हात छातीसमोर धरून त्याच्याकडे बघत बसायचं. उजव्या हातानं पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा. डावा हात हलवायचा नाही. तो हातच देवघर. आणि लिंग हातावर असेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं तर मुळीच नाही. घराला आग लागली तर, असं मी लहान असताना आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "आग काय तुला इचारून लागणार हाय? तू बस गप."

तर मी गप बसले होते. बाहेरून पहिली हाक आली, "चावी कुठं ठिवलीस?" दुसरी आली. तिसरी आली तेव्हा तो दारातच होता. मला वाटलं, पूजा दिसली की परत फिरेल. थोड्या वेळापूर्वी तो स्वतः त्याच पाटावरून उठला होता. तो वाकला, लिंग हातावर असताना माझं डावं मनगट धरलं आणि ओलं धुणं पिळावं तसं पिळलं.

वाळलेली तुराटी मोडल्यासारखा आवाज झाला. लिंग उडालं, फरशीवर टप्पा खाऊन कपाटाखाली गेलं.

आता यापुढं जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. मी ओरडत होते, आणि ओरडत ओरडत गुडघ्यांवर रांगत कपाटाखाली उजवा हात घालत होते. डावा हात कोपरापासून खाली लोंबत होता, त्याच्याकडे मी बघितलंही नाही. स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. त्यांना सगळे शरणम्मा म्हणतात, मी अव्वा म्हणते. त्या माझ्या शेजारी फरशीवर आडव्या झाल्या आणि त्याही हात घालायला लागल्या. सोमेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, माझा हात बघून. तो म्हणाला, "अव्वा, लिंग पडलं."

लिंग सापडलं. त्याच्यावरच्या काळ्या लेपाचा टवका उडाला होता. मग रडारड सुरू झाली, आणि ती सगळी त्या टवक्यासाठी. लिंग पडलं म्हणजे घरात मयत झाल्यासारखं. पूर्वी म्हणे लोक जीव द्यायचे. त्या दिवशी चूल पेटली नाही, सगळे उपाशी बसले, आणि माझा हात भोपळ्यासारखा सुजत गेला. दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं नाही, औशाजवळच्या मठात नेलं.

मठातले स्वामी म्हातारे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "कसं पडलं, बाई?" मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाल्या, "पूजेत चक्कर आली जी तिला. आधीपासून कमजोर हाय." चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा चोर माझ्याच शेजारी हात जोडून, डोळे मिटून बसला होता. स्वामींनी पडलेलं लिंग ठेवून घेतलं आणि माझ्या सुजलेल्या हाताकडे बघून म्हणाले, "आधी हात नीट होऊ द्या. तळहात उताणा व्हायला लागला की या, नवं लिंग देऊ."

परत येताना वाटेत एका हाडवैद्याकडे नेलं. तो बैलांची हाडं बसवायचा, माणसांचीही बसवायचा. त्याच्या पोरानं माझे खांदे दाबून धरले, त्यानं बोटं धरून हात ओढला. माझी दातखीळ बसली. शुद्धीवर आले तेव्हा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता, पालथा. कामट्या सुटल्या तेव्हाही तो पालथाच राहिला. मनगटावर एक टेंगूळ, हात एका बाजूला कललेला आणि तळहात कायमचा जमिनीकडे. उताणा करायला गेले की हाडात सुरी फिरवल्यासारखी कळ निघायची आणि खांदाच वर यायचा. चहाची बशी धरता येईना. घुगऱ्या दिल्या कुणी तर घेता येईनात.

मी घरात बिगरलिंगाची बाई झाले. माझ्या हातची भाकरी चालायची, पाणी चालायचं नाही. भाकरीच्या पिठात काय रॉकेल घालते का, असं मी एकदा विचारलं, तर सोमेशची थोबाडीत बसली. त्याचा हात आता सैल सुटला होता. पूर्वी तो मारायला लागला की मी दोन्ही हात आडवे धरायचे. आता एकच उरला होता, आणि तो एकच धरला की झालं, हे त्याला कळलं होतं. उजवं मनगट एका हातात पकडायचं आणि दुसऱ्या हातानं मारायचं. भात कच्चा राहिला म्हणून, भावाचा फोन लांबला म्हणून, मी हसले म्हणून, हसले नाही म्हणून. मार झाला की तो विभूती लावून दुकानाला जायचा.

मीही त्याला मारत होते, खोटं कशाला बोलू. रोज मारत होते, मनात. वरवंट्यानं मारलं, त्याच्याच दुकानातल्या जाड बुडाच्या पातेल्यानं मारलं, भाकरी भाजता भाजता तव्यावर त्याचं तोंड टेकवलं. मग लसूण सोलायला घ्यायचे. एका हातानं लसूण सोलून बघा, मग माझ्या मनातल्या हिंसेबद्दल बोला.

अशी दोन वर्षं गेली, आणि माझी सुटका झाली ती अक्षरामुळं. अक्षरा माझी मुलगी, आठ वर्षांची. तिची लिंगदीक्षा करायचं अव्वांनी मनावर घेतलं आणि तिथं गाडी अडली. दीक्षेला पोरीला मांडीशी घेऊन आईनं बसायचं असतं, आणि आईच बिगरलिंगाची. अव्वा सोमेशला म्हणाल्या, "हिचा हात करून आण. लोक काय म्हणतील?" दोन वर्षं हात दुखला तेव्हा लोक काही म्हणत नव्हते. माझा भाऊ मृत्युंजय नांदेडला असतो, त्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, मी बघतो सगळं, तिला आणि पोरीला सुट्टीत पाठवा. सोमेशनं पाठवलं.

नांदेडच्या डॉक्टर म्हणजे देविका उमरीकर. चाळिशीतली बाई, बारीक, खणखणीत आवाजाची, हाताची हाडं हेच तिचं काम. तिनं एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "कसं झालं?"

"बाथरूमात घसरले."

"पडून मोडलेलं हाड मी रोज बघते. हे पिळून मोडलंय. बाथरूमला हात नसतात, मंजुश्रीताई."

मृत्युंजयनं माझ्याकडे बघितलं. त्याला आम्ही बाथरूमच सांगितलं होतं. मी खाली मान घातली आणि म्हणाले, "जाऊ द्या, हाताचं बोला."

डॉक्टरांनी कागदाच्या दोन गुंडाळ्या करून समजावलं. मनगटाच्या वर दोन हाडं असतात. जाड हाड बारीक हाडाभोवती फिरतं, तेव्हा हात पालथा-उताणा होतो. माझं जाड हाड वाकडं जुळलं होतं आणि बारीक हाड खाली येऊन सांध्यात अडकलं होतं. "जुळलेलं हाड पुन्हा मोडावं लागेल," ती म्हणाली. "करवतीनं कापीन, सरळ करीन, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवीन. बारीक हाडाचा एक तुकडा काढीन, म्हणजे फिरायला जागा होईल. आता मला सांगा, या हाताकडून तुम्हाला काय काम पाहिजे? पीठ मळणं, बादली उचलणं, स्कूटर? डावाच आहे, त्यामुळं..."

"डावाच म्हणू नका," मी म्हणाले. "मला बादली नको. मला तो उताणा होऊन नुसता धरून ठेवता यायला पाहिजे. जांभळाएवढं वजन."

मग मी माझ्या गळ्यातली रिकामी डबी दाखवली आणि सांगितलं. एवढ्या लिंगायतांचे हात तिनं नीट केले असतील, पण डाव्या हातावर देव बसतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच लोकांना तरी कुठं सुचलं सांगायचं! ती म्हणाली, "ठीक आहे. उताणा करू."

ऑपरेशनला खांद्यातून सुई देऊन नुसता हात बधिर केला, मी जागी होते. मध्ये हिरवं कापड. दुखत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. करवत सुरू झाली तेव्हा दात शिवशिवले, जळक्या शिंगासारखा वास आला. मग छिन्नी. ठोक्याबरोबर माझा अख्खा देह टेबलावर सरकायचा. माझ्या वतीनं कुणी कुणाला मारावं तसं ती बाई माझ्या हाडावर ठोके घालत होती, आणि मला रडू फुटलं. तिनं कापडावरून डोकावून विचारलं, "दुखतंय?" मी म्हणाले, "नाही. आजवर मला विचारून कुणी मोडलं नव्हतं."

कापड बाजूला झालं तेव्हा मी हात बघितला. टाके घातलेला, आयोडिननं पिवळा झालेला, कुणाचा तरी मेलेला हात असावा तसा फळीवर पडलेला. पण उताणा. तळहात छताकडे. दोन वर्षांनी मी माझ्या तळहाताच्या रेषा बघत होते.

टाके निघाल्यावर व्यायाम सुरू झाले. व्यायाम कसला, पोलीस कोठडीच ती. कोपर टेबलाला दाबायचं आणि हात उलटा फिरवायचा, तोंडात ओढणीचा बोळा घालून. मृत्युंजयच्या घरी मी आणि अक्षरा रोज सकाळी समोरासमोर बसायचो. मी डाव्या तळहातावर लिंबू ठेवायचे. पहिल्यांदा ते घरंगळून अक्षराच्या मांडीत जायचं आणि ती खो खो हसायची. मग जरा थांबायला लागलं. मग एके दिवशी मी उजव्या हातानं त्याच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली तरी ते हललं नाही. अक्षरानंही हट्टानं स्वतःचं लिंबू घेतलं. मी तिला शिकवलं, "हातावर आसताना बोलायचं न्हाई. कुणी बी हाक मारू दे, उठायचं न्हाई." तेच, आईनं मला शिकवलं होतं तसं.

डॉक्टरांनी हात फिरवून बघितला, खूश झाल्या, आणि बजावलं, "अजून हाड कच्चं आहे. पट्टीच्या जिवावर चाललंय. वजन नाही, झटका नाही, पडायचं नाही. आता बिघडलं तर मला पुन्हा हे जमणार नाही. सांगून ठेवते." मी म्हणाले, माझ्या लेकीपेक्षा जपीन.

हे मी असंच म्हणाले होते, बोलायची पद्धत म्हणून.

सोमेश आणि अव्वा न कळवता आले. दीक्षेचा मुहूर्त धरला होता, आम्हाला न्यायला आले होते. मृत्युंजय दुकानात होता, वहिनी बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघीच. सोमेश खुर्चीत बसला, माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "झालं न्हवं नीट? मग उगं कशाला पडून राह्यलाव इथं? चल, भर बॅग."

"डॉक्टर म्हणाल्या, हाड कच्चं हाय आजून. उलीसं थांबा."

"डॉक्टरचं पुराण नको. आन तिला काय काय सांगितलंस ग तू? तुझा भाऊ फोनवर माझ्याशी लई वाकडं बोलायलाय."

अव्वा पदरानं वारा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "सोम्या, दमानं घे." पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली होती. ती शीर मी हवामान खात्यासारखी ओळखते.

अक्षरा आतल्या खोलीच्या दाराशी पाटावर बसली होती, डाव्या तळहातावर लिंबू घेऊन. आमची रोजची पूजा मोडली म्हणून ती एकटीच पुढं करत होती. डोळे लिंबावर, ओठ घट्ट मिटलेले. सोमेश म्हणाला, "अक्षरा, माझा मोबाइल आण गाडीतून." ती हलली नाही. "अक्षरा!" ती हलली नाही. मी म्हणाले, "पूजा चालू हाय तिची. मी आणते."

"लिंबाची पूजा? माझ्या हाकेला ओ न्हाई द्यायची, हे शिकवायलीस व्हय पोरीला?"

तो उठला. मी मध्ये गेले. त्यानं सवयीनं माझं उजवं मनगट पकडलं आणि मला भिंतीवर दाबलं. डाव्या हाताकडे त्यानं बघितलंही नाही, नीट झाला असं तोच म्हणाला होता, तरी मारताना त्याच्या हिशेबी तो मेलेलाच होता. दुसऱ्या हातानं त्यानं खाली वाकून अक्षराचं मनगट धरलं. डावं. लिंबू असलेलं. आणि त्याची मूठ फिरायला लागली. तीच मूठ, तसंच फिरणं. अक्षराचा खांदा वर आला, तोंड उघडलं, आणि त्या पोरीनं आवाज काढला नाही. हातावर असताना बोलायचं नाही, मीच शिकवलं होतं.

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ऐनवेळी काही सुचत नाही म्हणतात, पण मला सगळं आठवलं: कच्चं हाड, पट्टी, पुन्हा जमणार नाही. लिंबावर न हललेली विभूतीही आठवली. आणि मी डावा हात कोपरापासून मागं नेला आणि त्या पट्टीसकट, स्क्रूंसकट, मनगटाची कड त्याच्या नाकावर घातली.

नाक फुटल्याचा आवाज आला. मी पुन्हा घातली. या वेळी आवाज माझ्या हातातून आला, तोच, तुराटीचा. त्यानं अक्षराला सोडलं. मला सोडलं नव्हतं, म्हणून मी तिसऱ्यांदा घातली, आता मनगट कुठं संपतंय आणि हात कुठं सुरू होतोय हे मला कळत नव्हतं, नुसतं एक जळतं लाकूड फिरवत होते. त्याचा एक दात माझ्या कातडीत रुतला. तो मागं कोसळला, खुर्ची घेऊन पडला, दोन्ही हातांनी तोंड झाकून बोकडासारखा ओरडायला लागला. बोटांतून रक्त फरशीवर ठिबकत होतं. मी त्याच्या छातीत लाथ घातली. मग आणखी एक. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पापपुण्याचं नंतर बघू, पण त्या वेळी दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं माझ्या पायातून बाहेर पडत होतं. अक्षरानं "मम्मी" म्हणून किंचाळी फोडली नसती तर मी थांबले नसते.

अव्वा लेकाजवळ बसल्या. पदरानं त्याचं रक्त पुसायला लागल्या, आई आहे शेवटी. मग लिंबू गडगडत त्यांच्या पायाशी आलेलं त्यांना दिसलं. त्यांनी ते उचललं. अक्षराचं लाल झालेलं मनगट बघितलं, माझा लोंबणारा हात बघितला. आणि लेकाच्या नाकावरचा पदर काढून घेत म्हणाल्या, "तवाबी तूच पाडलं हुतंस. मीच खोटं बोलले."

हे सांगायला त्यांना एक नाक आणि दोन मनगटं लागली. पण सांगितलं.

दवाखान्यात पुन्हा विचारलं, कसं झालं. मी म्हणाले, "या वेळी मी मारलं. मागच्या वेळी नवऱ्यानं पिळला होता. दोन्ही लिहून घ्या." पोलीस आले, जबाब झाले. तो मोकळा फिरतोय, तारखा पडताहेत, ते चालू राहील. मी लातूरला परत गेले नाही.

डॉक्टर उमरीकरांनी नवीन एक्स-रे दोनदा उजेडासमोर धरला. पट्टी वाकली होती, स्क्रू हाड घेऊन निघाले होते, बारीक हाडाचं टोक सुटं झालं होतं, आणि दात लागलेल्या जखमेत पू झाला होता. आधी तो पू काढण्यात दिवस गेले. मग त्यांनी मला आणि मृत्युंजयला समोर बसवलं.

"दोन हाडं आता एकमेकांना धरत नाहीत," त्या म्हणाल्या. "एकच उपाय आहे. दोन्ही जोडून एक हाड करायचं. दुखणं थांबेल, बोटं चालतील, जोरही येईल. पण हात फिरणार नाही. पालथ्याचा उताणा नाही, उताण्याचा पालथा नाही. मी ज्या स्थितीत बसवीन त्याच स्थितीत तो मरेपर्यंत राहील."

"मंग कसा बसवता?" मृत्युंजयनं विचारलं.

"सगळेच थोडा पालथा बसवतात. माणसाची सगळी कामं पालथ्या हाताची असतात. पीठ मळा, लिहा, गाडी चालवा, पोराच्या डोक्यावरून हात फिरवा. सगळं पालथं."

मी म्हणाले, "उताणा बसवा."

"मंजुश्रीताई, नीट विचार करा. स्कूटर चालवता येणार नाही. पोळी लाटता येणार नाही. साधं टेबलावर हात टेकून उठता येणार नाही."

"मंजू," मृत्युंजय म्हणाला, "रस्त्यानं चालशील तर भीक मागितल्यासारखं दिसंल ग."

"दिसू दे की. आजवर सगळं न मागता मिळालं, ते लई चांगलं हुतं का?"

मला फार वाईट वाटत होतं, ते लपवायचं कशाला. अक्षराच्या केसांतून त्या हातानं तेल घालायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं, ते आता कधीच होणार नव्हतं. घरी येऊन मी ओक्साबोक्शी रडले. पण मागची दोन वर्षं हात पालथाच होता, घरची कामंही कशीतरी होत होती, आणि मी कुणीच नव्हते. डॉक्टरांनी हाडं जोडायच्या आधी टेबलावर माझा हात छातीसमोर धरला, हलकाच कलवला, आणि विचारलं, "इथं?" मी लिंबू मागवलं. ऑपरेशनच्या खोलीत लिंबू कुठून येणार, म्हणून नर्सनं कापसाचा बोळा ठेवला. "अजून जरा आत," मी म्हणाले. "हां. इथंच."

दीक्षा नांदेडलाच झाली, एका छोट्या मठात. औशाचे म्हातारे स्वामी माझ्यासाठी बसनं आले. सगळ्यांसमोर त्यांनी तोच प्रश्न विचारला, "लिंग कसं पडलं होतं, बाई?" या वेळी मीच सांगितलं. अव्वा पण आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. "पोरीच्या दीक्षेला आज्जी पायजे," एवढंच म्हणाल्या, मागं भिंतीला टेकून बसल्या, आणि घसा सुकला तेव्हा पाणी त्यांनी माझ्याकडे मागितलं. तेव्हा माझ्या गळ्यात अजून लिंग नव्हतं.

स्वामींनी आधी अक्षराच्या तळहातावर लिंग ठेवलं, मग माझ्या. गार होतं. जांभळाएवढं वजन. माझा हात हलला नाही, हलणारच नव्हता. दोघी शेजारी शेजारी बसलो, डोळे आपापल्या हातावर.

तेव्हा मठाच्या फाटकातून आवाज आला, "अक्षरा!"

तो आवाज मी ओळखला. नाकातून येत होता, नीट न जुळलेल्या. अक्षरानं डावं कोपर कुशीला घट्ट दाबलं, मला डोळ्याच्या कडेनं दिसत होतं. मी काही बोलू शकत नव्हते, हातावर असताना बोलायचं नसतं. दुसरी हाक आली, जवळून. चपलांचा आवाज पायऱ्यांवर आला. तिसरी हाक आली.

अक्षरा उठली नाही. मी उठले नाही.

मागं अव्वा उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, सावकाश. त्यांची पावलं दाराकडे गेली. मग दार ओढल्याचा आवाज आला, आणि आतून कडी घातल्याचा.